माहिती प्रणाली उभारताना: कोणती नोंद, कुठे आणि कोणी करायची

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्ड कंपनीच्या उत्तर अमेरिकेतल्या देणी विभागात, म्हणजे पुरवठादारांची बिलं चुकती करणाऱ्या विभागात, ५००हून जास्त माणसं होती. संगणकीकरण करून त्यातली २० टक्के कमी करायची, असं ठरत होतं. मग कोणीतरी माझदा या जपानी मोटार कंपनीकडे पाहिलं. तिथे हेच काम ५ माणसं करत होती. माझदा आकाराने लहान होती हे धरूनही हा फरक कशानेच भरून निघत नव्हता.

फोर्डमध्ये खरेदी विभाग ऑर्डरची एक प्रत देणी विभागाला पाठवायचा. माल उतरला की आवक विभाग दुसरा कागद पाठवायचा. पुरवठादाराचं बिल हा तिसरा कागद. तिन्ही कागदांवरच्या १४ गोष्टी जुळल्या की पैसे सुटायचे. बहुतेक वेळ जुळलेल्या कागदांवर जातच नव्हता. न जुळलेल्यांचा शोध घेण्यात दिवस जायचे. कंपनीने शेवटी हे जुळवणंच बदललं. खरेदी विभागाने ऑर्डर थेट सामायिक डेटाबेसमध्ये, म्हणजे सगळ्या विभागांना दिसणाऱ्या संगणकातल्या एकाच नोंदसंग्रहात, भरायची. गाडी धक्क्याला लागली की तिथल्याच माणसाने पडद्यावर ऑर्डर बघायची. जुळली तर माल घ्यायचा आणि तिथेच नोंद करायची, नाही जुळली तर गाडी परत. पैसे त्या नोंदीवरून निघायचे, बिलाची वाट बघायची नाही. विभागातली माणसं ७५ टक्क्यांनी कमी झाली. व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमर यांनी १९९०मध्ये हे उदाहरण जगापुढे मांडलं.

माहिती प्रणालीचं धंद्यातलं काम मला याहून नेमक्या शब्दांत सांगता येत नाही. घटना जिथे घडते तिथेच, घडते तेव्हाच, तिची एकदाच नोंद व्हावी आणि ज्याला ती लागते त्याला ती तिथूनच मिळावी. संगणक, सॉफ्टवेअर, नेटवर्क ही सगळी साधनं. खालच्या पायऱ्या मी ज्या क्रमाने चढतो त्याच क्रमाने लिहिल्या आहेत. सॉफ्टवेअरची निवड त्यात बरीच उशिरा येते, कारण तिच्या आधीचं काम झालेलं नसेल तर कोणतंही सॉफ्टवेअर घेतलं तरी पदरी निराशाच येते.

पहिली पायरी: निर्णयांची यादी करा

"आपल्याला ईआरपी (सगळ्या विभागांचं काम एकत्र आणणारं सॉफ्टवेअर) घ्यायचंय" असं म्हणत सुरुवात करू नका. एक कोरा कागद घ्या आणि धंद्यात रोज, दर आठवड्याला, दर महिन्याला कोणते निर्णय घ्यावे लागतात ते लिहा. आलेली ऑर्डर घ्यायची की नाही? या ग्राहकाला आणखी उधारी द्यायची का? कोणता माल केव्हा मागवायचा? कोणत्या पुरवठादाराचे पैसे आधी द्यायचे? प्रत्येक निर्णयापुढे चार गोष्टी लिहा: कोण घेतो, कोणती माहिती लागते, ती आज कुठे आहे आणि हातात यायला किती वेळ लागतो. दहा-बारा निर्णय पुरे झाले. पन्नास लिहाल तर एकही नीट तपासून होणार नाही.

त्यातला एकच उलगडून दाखवतो. समजा एखाद्या वस्तूचे रोज १२ नग जातात, मागवलेला माल यायला ७ दिवस लागतात आणि अडीअडचणीला ३० नग हाताशी ठेवायचे असं ठरलंय. १२ गुणिले ७ म्हणजे ८४, त्यात ३० मिळवा. साठा ११४ नगांवर आला की नवी ऑर्डर गेली पाहिजे. गणित शाळेतलं आहे. आता हे आकडे कुठे राहतात ते बघा. रोजचे १२ बिलिंगच्या संगणकात. ७ दिवस खरेदी बघणाऱ्याच्या डोक्यात. शिल्लक गोदामाच्या वहीत, आणि तीही काल संध्याकाळची. शिवाय शिल्लक म्हणजे काय? वहीत १५० नग दिसतात, पण त्यातले ६० दुसऱ्या ग्राहकाला कबूल केलेले आहेत. म्हणजे विकायला ९० उरले. वाटेत काही येत नसेल तर ऑर्डर दोन दिवसांपूर्वीच जायला हवी होती. हा एक निर्णय वेळेवर घ्यायचा तर विक्री, खरेदी आणि गोदाम या तिघांच्या नोंदी एकाच क्षणी एकाच पडद्यावर हव्यात. प्रणाली लागते ती यासाठी.

दुसरी पायरी: एका ऑर्डरच्या मागे पायी चाला

ही पायरी लोक हटकून गाळतात आणि पुढे वर्षभर निस्तरत बसतात. कालच आलेली एक खरी ऑर्डर निवडा. फोन कोणी उचलला तिथपासून बँकेत पैसे जमा झाले तिथपर्यंत तिच्यामागे चालत जा. खुर्चीत बसून विचारू नका, प्रत्येक टेबलापाशी उभे राहून बघा. कोणता आकडा कितव्यांदा लिहिला जातोय ते मोजा.

एका ठिकाणी मी हे केलं तेव्हा एकच संख्या सहा ठिकाणी उतरवली जात होती: फोनशेजारच्या डायरीत, विक्रीवाल्याच्या एक्सेलमध्ये, गोदामाला जाणाऱ्या चिठ्ठीवर, चलानावर, बिलात आणि महिन्याअखेरीच्या अहवालात. दर उतरवणीला चुकीची एक संधी आणि थोडा उशीर. त्यातली चिठ्ठी गोदामाच्या खिळ्याला टोचलेली होती आणि तिच्यावर पेनाने "८ नंतर देऊ" असं लिहिलेलं होतं. ही ८ नगांची बाकी दुसऱ्या कुठल्याही कागदावर नव्हती. बिल पूर्ण मालाचं गेलं होतं आणि ग्राहक पैसे का अडवतोय हे हिशेब विभागाला तीन आठवडे कळत नव्हतं.

चालताना असे अपवाद गोळा करा, कारण प्रणाली नेहमीच्या व्यवहारात क्वचितच अडखळते, ती अडते अपवादांपाशी. अर्धाच माल गेला. परत आलेला माल अर्धा चांगला, अर्धा मोडका. आगाऊ पैसे आले पण कोणत्या ऑर्डरपोटी ते लिहिलेलं नाही. मागितलेला माल नव्हता म्हणून त्याऐवजी दुसरा दिला. नमुना म्हणून फुकट गेला. हे सगळं जुन्या, मुरलेल्या माणसांना तोंडपाठ असतं. त्यांच्याजवळ तासभर बसा, मध्ये बोलू नका, लिहीत राहा. अशा वीसएक प्रसंगांची यादी तुमच्याकडे तयार झाली की पुढची निम्मी लढाई तुम्ही जिंकलीत. ती यादी चौथ्या पायरीला लागणार आहे.

तिसरी पायरी: वस्तू, ग्राहक आणि पुरवठादार यांच्या मूळ याद्या स्वच्छ करा

रोजचे व्यवहार येतात आणि जातात. वस्तूंची यादी, ग्राहकांची यादी, पुरवठादारांची यादी मात्र तीच राहते आणि प्रत्येक व्यवहार तिच्यावर उभा असतो. याला मास्टर डेटा म्हणतात. तो घाण असेल तर वरचं सगळं घाण.

ग्राहकापासून सुरुवात करा. एकच ग्राहक तीन तऱ्हेने लिहिलेला सापडेल: पूर्ण नावाने, आद्याक्षरांनी आणि फर्मच्या नावाने. प्रणालीच्या लेखी हे तीन वेगळे ग्राहक. प्रत्येकाला उधारीची मर्यादा लावली की एकाच माणसाला तिप्पट उधारी मिळते आणि प्रणाली कुठेही लाल दिवा दाखवत नाही. नावांवरून जुळवणी पुरत नाही; फोन, पत्ता आणि कर नोंदणी क्रमांक ताडून बघा.

मग एकक. सर्वांत महागात पडणारी चूक इथे असते. खरेदी बॉक्समध्ये होते, विक्री नगांत होते, एका बॉक्समध्ये २४ नग. आवक करणाऱ्याने ५ बॉक्स उतरवून घेतले आणि पडद्यावर एककाकडे न बघता ५ भरले. प्रणालीत ५ नग चढले. खरे नग १२०. आता प्रणाली सांगते माल संपत आला, खरेदीवाला पुन्हा मागवतो आणि गोदामात जागा उरत नाही. उलट घडलं तर त्याहून वाईट: प्रणालीत १२० दिसतात, विक्रीवाला कबूल करून बसतो आणि फळीवर ५च असतात. म्हणून प्रत्येक वस्तूला साठ्याचं एकच मूळ एकक ठरवा, बाकीच्या एककांचा त्याच्याशी गुणाकार यादीतच लिहून ठेवा आणि आवकेच्या पडद्यावर आकड्याशेजारी एकक मोठ्या अक्षरात दिसू द्या.

वस्तूंना कोड देताना त्यात अर्थ कोंबायचा मोह होतो. पहिली दोन अक्षरं पुरवठादाराची, पुढची रंगाची, मग मापाची. पुरवठादार बदलला की कोड खोटं बोलायला लागतो आणि जुने व्यवहार अडकलेले असल्यामुळे तो बदलताही येत नाही. साधा चढता क्रमांक द्या. रंग, माप, पुरवठादार यांना वेगळे रकाने असू द्यात.

शक्य तिथे कोड हाताने लिहूच नका, बारकोड वाचा. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ट्रॉय गावच्या एका सुपरमार्केटमध्ये च्युइंगगमचं पाकीट स्कॅन झालं आणि आजच्या बारकोडचा दुकानातला वापर सुरू झाला. त्यातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे शेवटचा अंक. १३ अंकी बारकोडमध्ये पहिल्या १२ अंकांना आळीपाळीने १ आणि ३ने गुणतात, बेरीज करतात आणि ती १०च्या पटीत नेण्यासाठी जो अंक लागतो तो तेरावा. कुठलाही एक अंक चुकला तरी बेरीज बिघडते आणि यंत्र नकार देतं. हाताने कोड भरावेच लागणार असतील तर आपल्या कोडांनाही असा तपासणी अंक लावून घेता येतो.

प्रत्येक यादीला एक मालक नेमा. नवी वस्तू किंवा नवा ग्राहक त्या एकाच माणसाच्या हातून चढेल. लोक कुरकुरतात, पण सहा महिन्यांनी यादी स्वच्छ राहिलेली दिसते.

चौथी पायरी: आता साधन निवडा

स्प्रेडशीट, म्हणजे एक्सेलसारखा तक्ता, वाईट नाही. एका माणसाने हिशेब मांडून बघायला तिच्याइतकं चांगलं काही नाही. पण अनेकांनी मिळून रोजचे व्यवहार तिच्यात ठेवायला लागलात की धोका सुरू होतो. सप्टेंबर २०२०च्या अखेरीस आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत कोविडच्या १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर पुढे गेलीच नाही. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या फाइल प्रकारात घेतली जात होती आणि त्यात ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. उरलेल्या ओळी गळाल्या. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना शोधण्याचं काम तेवढे दिवस मागे पडलं.

डेटाबेसचं बळ वेगळं आहे. आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७०मध्ये त्याचा जो पाया घातला, त्यावरच आजची बहुतेक व्यावसायिक सॉफ्टवेअर उभी आहेत. एक तथ्य एकाच तक्त्यात राहतं आणि बाकीचे तक्ते त्याच्याकडे बोट दाखवतात. ग्राहकाचा पत्ता बदलला तर एकाच जागी बदलायचा. व्यवहारही पूर्ण होतो किंवा अजिबात होत नाही: साठा कमी झाला पण बिल तयार झालं नाही, अशा मधल्या अवस्थेत तो अडकत नाही.

प्रकारांची नावं फार मनावर घेऊ नका. खरेदी, विक्री, साठा आणि हिशेब एकाच डेटाबेसवर आणणारं ते ईआरपी. ग्राहकांशी झालेलं बोलणं आणि पाठपुरावा सांभाळणारं ते सीआरएम. तुमच्या पहिल्या पायरीतले निर्णय ज्याने सुटतात ते घ्या. सगळ्यांसारखंच असलेलं काम तयार सॉफ्टवेअरवर न्या. ज्या कामामुळे तुमचा धंदा इतरांहून वेगळा ठरतो, तेवढ्यासाठीच स्वतःचं लिहून घेण्याचा विचार करा.

विक्रेता प्रात्यक्षिक दाखवायला आला की त्याची तयार गोष्ट ऐकू नका. दुसऱ्या पायरीतली अपवादांची यादी पुढे ठेवा आणि म्हणा, "हे करून दाखवा. ऑर्डर ३२ नगांची, गेले २४, बाकी ८ कुठे दिसतात?" जो सहज दाखवतो त्याच्याशी पुढे बोला. जो "ते नंतर करून देऊ" म्हणतो, त्याच्याकडून तारीख आणि किंमत लेखी घ्या. आणि एक प्रश्न करार करण्याआधीच विचारा: उद्या आम्ही सोडून जायचं ठरवलं तर आमची सगळी माहिती, जुन्या व्यवहारांसकट, कोणत्याही सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा स्वरूपात किती दिवसांत द्याल? ही अटही करारात लेखी हवी.

पाचवी पायरी: कोणाला काय करता येईल ते ठरवा

नवा पुरवठादार यादीत चढवणारा आणि पैसे सोडणारा माणूस एकच नसावा. आवक नोंदवणाऱ्याने स्वतःच साठ्याची मोजणी दुरुस्त करू नये. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन द्या. चौघांनी एकच पासवर्ड वापरला तर चूक कोणाची हे कधीच कळत नाही आणि निर्दोष माणसावरही संशय राहतो. झालेली नोंद पुसण्याची सोय कोणालाच नको. चुकली तर उलट नोंद करून ती फिरवा, म्हणजे माग शिल्लक राहतो. काम सोडून गेलेल्या माणसाचं लॉगिन त्याच दिवशी बंद करा.

सहावी पायरी: जुन्यावरून नव्यावर जाणं

हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९मध्ये नवी प्रणाली आणली. ४८ महिन्यांचं काम ३० महिन्यांत बसवलं आणि जुलैमध्ये ती चालू केली, म्हणजे ऑक्टोबरअखेरीच्या हॅलोविन सणाच्या ऑर्डरी येऊन पडतात त्याच सुमारास. १० कोटी डॉलरहून जास्त किमतीच्या ऑर्डरी वेळेवर पोचल्या नाहीत, आणि माल तर तयार होता. गर्दीच्या दिवसांत तात्पुरत्या जागांमध्ये ठेवलेला साठा माणसांना ठाऊक होता, प्रणालीला नव्हता.

यातून थेट कामाला लावण्यासारख्या दोन गोष्टी निघतात. पहिली, धंदा सर्वांत मंद असतो तो आठवडा निवडा आणि तारीख हुकली तर पुढच्या मंद आठवड्यापर्यंत थांबायची तयारी ठेवा. दुसरी, बदलाच्या आदल्या दिवशी व्यवहार थांबवून सगळा माल प्रत्यक्ष मोजा. गच्चीवरचा, जिन्याखालचा, दुरुस्तीला गेलेला, सगळा. जुन्या वहीतली शिल्लक नव्या प्रणालीत तशीच उतरवलीत तर जुन्या चुकाही नव्या कपड्यांत आल्या.

पहिला महिना जुनं आणि नवं दोन्ही चालवा, पण त्याहून लांबवू नका. दुहेरी कामाने माणसं दमतात आणि मग दोन्हींकडे दुर्लक्ष होतं. रोज संध्याकाळी तीन बेरजा ताडून बघा: साठ्याची किंमत, ग्राहकांकडून येणं, बँकेतली शिल्लक. फरक आला तर त्याच रात्री शोधा, कारण आजचा फरक वीस व्यवहारांत लपलेला असतो आणि आठवड्याचा दीडशेत. शिकवतानाही खोटी उदाहरणं न वापरता मागच्या महिन्याचीच खरी बिलं भरायला द्या.

सातवी पायरी: सगळं बंद पडलं तर

जून २०१७मध्ये मेर्स्क या जहाज कंपनीवर नॉटपेट्या हा घातक प्रोग्राम कोसळला. कंपनीला ४,००० सर्व्हर, म्हणजे बाकीच्यांना माहिती पुरवणारे मुख्य संगणक, आणि ४५,००० संगणक पुन्हा उभे करावे लागले. सर्व्हरांचे बॅकअप होते, पण कोणाला कुठे प्रवेश आहे हे सांभाळणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर एकमेकांच्या प्रती ठेवत होते आणि ते सगळे एकदमच गेले. वाचला तो घानामधला एक, आणि तोही त्या वेळी वीज गेल्यामुळे नेटवर्कपासून तुटला होता म्हणून.

जोडलेली प्रत ही सुरक्षित प्रत नव्हे, हे तिथे दिसलं. माहितीच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी आणि नेटवर्कपासून तोडलेली. मग दर तीन महिन्यांनी एक दिवस ठरवून बॅकअपवरून रिकाम्या संगणकावर सगळं उभं करून बघा, घड्याळ लावून. किती तास लागले आणि काय सापडलं नाही ते लिहून ठेवा. मधल्या काळात काम चालावं म्हणून चलान आणि आवक यांचे कोरे छापील अर्ज गोदामात ठेवा, आधीच क्रमांक टाकलेले, म्हणजे नंतर प्रणालीत भरताना एखादा गहाळ झाला तर लगेच कळेल.

चालू प्रणालीत बदल करतानाही हीच काळजी. १ ऑगस्ट २०१२ला नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीने ८ सर्व्हरपैकी ७वरच नवा कोड, म्हणजे प्रोग्रामची नवी आवृत्ती, चढवला. आठव्यावर जुना राहिला आणि ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलर गेले. बदल चढवणारा एक, सगळीकडे चढला का हे तपासणारा दुसरा, आणि मागे कसं फिरायचं ते आधी लिहिलेलं. इतकं तरी असावंच.

आठवी पायरी: प्रणालीवर विश्वास ठेवता येतो का, हे मोजत राहा

अहवाल थोडे ठेवा. ज्या अहवालावरून कोणी काही करत नाही तो बंद करा. महिनाभरात कोणी मागितला नाही तर त्याची गरज नव्हती.

दोन मोजमापं मात्र सोडू नका. पहिलं साठ्याचं. वर्षातून एकदा सगळं मोजण्याऐवजी रोज सकाळी १० वस्तू निवडून मोजा, जास्त खपाच्या वस्तूंची पाळी वारंवार येऊ द्या. मोजणाऱ्याला प्रणालीतला आकडा आधी दाखवू नका, नाहीतर तोच आकडा परत येतो. फरक आला तर आकडा दुरुस्त करून थांबू नका. कोणत्या व्यवहारात तो शिरला ते शोधा. बहुतेकदा तीच चार-पाच कारणं निघतात: एकक चुकलं, परत आलेला माल नोंदवायचा राहिला, शेजारच्या फळीवरची वस्तू उचलली गेली.

दुसरं मोजमाप उशिराचं. गाडी दारात किती वाजता लागली आणि आवक प्रणालीत किती वाजता चढली, यातलं अंतर. पहिली वेळ फाटकावरच्या वहीत असते, दुसरी प्रणाली स्वतः लिहिते. आठवड्यातून एकदा पाच गाड्यांच्या वेळा शेजारी शेजारी मांडा. अंतर पंधरा मिनिटांचं असेल तर ठीक. ते चार तासांवर गेलं तर आवकेचा माणूस पुन्हा कागदावर लिहून संध्याकाळी एकदम भरायला लागलाय असं समजा. त्याला बोलावून झापू नका, धक्क्यावर जाऊन बघा. स्कॅनरची बॅटरी टिकत नसेल, पडद्यावर नको ते आठ रकाने भरावे लागत असतील, किंवा संगणक धक्क्यापासून पन्नास पावलं लांब ठेवलेला असेल.